शाळेचा ग्रंथपाल : शिक्षकांचा सोबती

शाळेचे ग्रंथालय म्हटले की आमच्या पिढीला कुलूपबंद कपाट आठवते. पुस्तक हरवले तर भरपाई कोणी करायची, या धास्तीने किल्ली खिशातच राही. पुस्तके सुरक्षित राहिली. आम्ही मात्र गाइडवर पास झालो. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांपैकी पहिलाच नियम पुस्तके वापरासाठी आहेत असे बजावतो.

आज अडचण उलट आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके आणि मराठी विश्वकोश इंटरनेटवर विनामूल्य आहेत. २०१७ पासून शासनाचे 'दीक्षा' आहे. चित्रफितींचा तर पूर आहे. एकामागून एक तासिका घेणाऱ्या शिक्षकाने यातून निवडायचे केव्हा? हे काम ग्रंथपालाचे. ते पुढील क्रमाने करता येईल.

१) विचारणे : पुढील महिन्यात कोणता पाठ आहे आणि मुले कुठे अडतात, हे शिक्षकांकडून समजून घ्यावे.

२) पारखणे : लेखक कोण, साल कोणते, भाषा इयत्तेला झेपेल का, माहिती दुसऱ्या विश्वसनीय ग्रंथाशी जुळते का, हे पाहावे. प्लूटोला २००६ साली ग्रहांच्या यादीतून वगळण्यात आले. तरी जुन्या पुस्तकांत नऊच ग्रह आहेत. २०१४ चे तेलंगणा राज्य किंवा २०१९ चा लडाख केंद्रशासित प्रदेश ज्यात नाही, तो राजकीय नकाशा वर्गात चालणार नाही. मात्र असे पुस्तक लगेच रद्दीत घालू नये. बाकी मजकूर चांगला असेल तर आत दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवावी.

३) मोजके देणे : एका पाठाला एक पुस्तक, एक नकाशा, एक प्रयोग, एक चित्रफीत पुरे. पृष्ठ क्रमांक व लागणारा वेळ एका कागदावर लिहून द्यावा.

४) नोंद ठेवणे : काय उपयोगी पडले, काय नाही, हे पाठ संपताच टिपावे. नोंद राहिली की पुढे किती छळते, हे आम्हा बँकेतल्या माणसांना पुरते ठाऊक आहे!

अनेक शाळांत ग्रंथपाल अर्धवेळ आहे, काही ठिकाणी नाहीच. ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज पुस्तक नाही, त्या घरच्या मुलाला शाळा देईल तेवढेच मिळते. म्हणून आपल्यातील पदवीधरांनी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आठवड्याचे दोन तास जवळच्या शाळेला द्यावेत. विद्यार्थी मित्रांनीही पुस्तक मागावे. मागणारा आला की कपाट उघडावेच लागते.