समुद्राच्या तैलचित्राची किंमत काढायला खर्च किती?

खडकावर आपटणाऱ्या लाटा, वर उडालेला फेस, मागे भरून आलेलं आभाळ. असं तैलचित्र वर्षानुवर्षं दिवाणखान्यात टांगलेलं असतं आणि वाटणीची बोलणी निघाली की त्याच्या किमतीची चौकशी सुरू होते. पण आकडा एकच नसतो. विम्यासाठी तसंच चित्र आज विकत घ्यायला काय पडेल ते बघतात, विक्रीसाठी लिलावात काय येईल ते. पहिला आकडा बहुधा मोठा असतो. किंमत कशासाठी हवी, हे आधी ठरवा. फी देण्याची गरज आहे की नाही, ते त्यावरच अवलंबून आहे.

पहिली तपासणी घरीच होते. चित्र उतरवून भिंगाखाली धरा. फेसात बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापील आहे, विषय मिटला. मग बाजूने बॅटरी मारा. हाताने रंगवलेल्या लाटेवर पांढऱ्या रंगाचे उंचवटे सावली टाकतात. मात्र छापील कॅनव्हासवर वरून जेलचे फटकारे मारूनही असा उठाव आणतात, म्हणून भिंग आधी. सहीचा रंग जुन्या तड्यांत उतरला असेल तर सही मागाहून केलेली आहे. काहीशे रुपयांच्या अतिनील टॉर्चखाली जुनं वार्निश हिरवट चमकतं आणि नंतरची डागडुजी काळपट दिसते. मागची बाजू तर नीटच बघा: प्रदर्शनाचं लेबल, फ्रेमवाल्याचा शिक्का, जुनी पावती. नाव माहीत नसलेल्या चित्रकाराच्या चित्रात किमतीचा निम्मा शोध इथेच लागतो.

विकायचंच असेल तर समोरून, मागून आणि सहीचा असे फोटो, मोजमापांसह, सॅफ्रनआर्ट, पंडोल्स यांसारख्या लिलावगृहांना पाठवा. प्राथमिक अंदाजाला सहसा पैसे पडत नाहीत. नकार आला तरी वाईट वाटून घेऊ नका. लाटांची चित्रं सजावटीसाठी ढिगाने रंगवली गेली आहेत. चीनमधल्या डाफेनमध्ये तर हाताने रंगवलेल्या चित्रांचा मोठा धंदाच उभा राहिला. अशा चित्रावर फी भरून लेखी अहवाल घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

लेखी अहवाल लागतो तो विमा, वाटणी किंवा करासाठी. फी ठोक ठरवा, टक्केवारीवर नको. टक्केवारीत आकडा फुगवण्यात मूल्यांककाचा फायदा असतो. आणि किंमत सांगणाराच ‘मी घेतो’ म्हणाला, तर दुसऱ्याकडून किंमत काढल्याशिवाय चित्र हलवू नका.

कराचा भाग बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. चित्र ही भांडवली मालमत्ता आहे. 1 एप्रिल 2001 पूर्वी घरात आलेल्या चित्रासाठी त्या तारखेची बाजारकिंमत धरता येते, म्हणून नोंदणीकृत मूल्यांककाकडून त्याच तारखेचा अहवाल मागा. समजा चित्र 2 लाखांना गेलं, कमिशन 20 हजार, 2001 ची किंमत 40 हजार. नफा 1 लाख 40 हजार. त्यावर 12.5 टक्क्यांनी 17,500 रुपये कर, वर उपकर. 2001 चा अहवालच नसेल तर ते 40 हजार वजा करायला आधार राहत नाही.

एवढं होईपर्यंत चित्र पुसू नका. बटाटा, ब्रेड, ओलं फडकं यांनी वार्निश आणि वरचा रंग जातो. सफाई करायचीच असेल तर किंमत कळल्यावर, तीही संवर्धकाकडूनच.