कानस, माप आणि सही : अमेरिकन आलिशान मोटारींतील कारागिरीचा एक अभ्यास

माझे मामा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करतात. एखादा भाग इंजिनात बसेना झाला, की ते कानस हाती घेतात, दोनचार हात मारतात, पुसतात, पुन्हा लावून पाहतात; आणि शेवटी तो भाग असा बसतो, की जणू तिथेच जन्माला आला. ‘जिला कानस कळली, ती नजर कारागिराची,’ ही त्यांची साधी व्याख्या. मीही लहानपणापासून कारागिरी म्हणजे हेच, असे समजत आले.

त्यामुळे १९०८ साली इंग्लंडमध्ये एका अमेरिकन मोटारीची परीक्षा झाली आणि त्या परीक्षेत कानस वापरायला बंदी होती, हे वाचले तेव्हा मी चमकले. ज्या मोटारीला जगाने पुढे उत्तम कारागिरीचा नमुना म्हटले, तिची कसोटी कानशीवाचून! कलाशाखेच्या अंकात इंजिनाचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु ‘कारागीर कोणाला म्हणावे?’ हा प्रश्न आपल्याही शाखेचा आहे. त्याचा माग घेत मी अमेरिकेच्या आलिशान सेडान मोटारींचा इतिहास वाचला. त्याचा हा सारांश.

कानशीला बंदी

या इतिहासाच्या मुळाशी हेन्री लेलंड हा माणूस आहे. जन्म १८४३ चा. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात तो स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात कामाला होता. पुढे ब्राउन अँड शार्प या मोजमापाची हत्यारे व यंत्रे बनविणाऱ्या कारखान्यात त्याची नजर तयार झाली. बंदुकीच्या धंद्याने त्याला एक गोष्ट शिकवली : रणांगणावर एका बंदुकीचा तुटलेला भाग काढून दुसरीचा बसवता आला पाहिजे, तिथे कानशीने घासत बसायला सवड नसते.

१९०२ मध्ये डेट्रॉइट येथे कॅडिलॅक कंपनी सुरू झाली. १७०१ मध्ये ते शहर वसविणाऱ्या फ्रेंच अधिकाऱ्याचे नाव तिला दिले होते. लेलंडने या कारखान्यात इंचाच्या हजाराव्या भागाची शिस्त आणली. स्वीडनच्या योहान्सनने तयार केलेले पोलादी मापक-ठोकळे त्याने आणविले. हे ठोकळे इतके सपाट आणि गुळगुळीत असतात, की एकावर एक सरकवून दाबले तर चिकटून बसतात. वेगवेगळे ठोकळे जोडून हवे ते माप तयार करता येते. अशा ठोकळ्यांशी पडताळलेले माप सकाळच्या पाळीत आणि रात्रीच्या पाळीत बदलत नाही. कारागिराच्या नजरेवर ते अवलंबून राहत नाही.

१९०८ च्या आरंभी लंडनच्या विक्रेत्याकडील साठ्यातून तीन कॅडिलॅक गाड्या ब्रुकलंड्सच्या शर्यतमार्गावर नेण्यात आल्या. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली त्या पूर्ण सोडवल्या. प्रत्येक गाडीचे सातशेहून अधिक सुटे भाग. तिन्हींचे भाग एकत्र मिसळले. त्यांतले ८९ भाग बाजूला काढून त्याऐवजी विक्रेत्याच्या साठ्यातले नवे भाग घातले. मग पाने आणि स्क्रूड्रायव्हर एवढ्यावरच तीन गाड्या पुन्हा उभ्या केल्या. त्या सुरू झाल्या आणि ५०० मैल धावल्या. क्लबने त्या वर्षीचा ड्यूअर करंडक कॅडिलॅकला दिला.

त्या काळी युरोपातील उत्तम मोटारींत प्रत्येक भाग हाताने जुळवलेला असे. म्हणजेच प्रत्येक गाडी एकमेव. त्या दिमाखाला या एक सिलिंडरच्या, अवघ्या १० अश्वशक्तीच्या गाडीने दिलेले हे उत्तर होते. कारागिरी येथे नाहीशी झाली नव्हती; ती जोडणाऱ्याच्या हातातून हत्यार बनविणाऱ्याच्या हातात गेली होती.

बंद खोलीतील इंजिन

१९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग याने विजेवर इंजिन सुरू करण्याची सोय केली. तोवर हँडल मारून इंजिन सुरू करावे लागे. ते उलटे फिरले तर मनगट मोडे. १९१४ मध्ये कॅडिलॅकने ७० अश्वशक्तीचे आठ सिलिंडरांचे व्ही-इंजिन आणले, तर १९१५ मध्ये पॅकार्डने बारा सिलिंडरांचे.

एवढे सिलिंडर कशाला? नुसत्या वेगासाठी नव्हे. सेडान म्हणजे चारी बाजूंनी बंद, छताची मोटार. उघड्या गाडीत इंजिनाची थरथर वाऱ्यावर विरून जाते. बंद गाडीत तीच थरथर डग्ग्यासारखी घुमते. म्हणून सेडान लोकप्रिय होऊ लागली तसे ‘शक्ती किती’ या प्रश्नाइतकेच ‘थरथर किती कमी’ या प्रश्नाला महत्त्व आले. पालखीला खांदे जास्त असले की आतल्या पादुकांना हिसका बसत नाही, तसेच हे. चार सिलिंडरांच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर अर्ध्या फेऱ्याला एक ठोका पडतो; आठात पाव फेऱ्याला; सोळा सिलिंडर असतील तर फेऱ्याच्या आठव्या भागाला. एक ठोका संपण्यापूर्वीच पुढचा ठोका भार उचलून घेतो.

तरीही आठ सिलिंडरांच्या पहिल्या इंजिनात एक आडवा कंप उरलाच होता, कारण क्रँकशाफ्टचे सर्व वाक एकाच पातळीत होते. १९२४ च्या मॉडेलमध्ये कॅडिलॅकने हे वाक एकमेकांशी काटकोनात ठेवले आणि त्यांना वजने जोडून तोल साधला. हा फरक गाडीच्या मालकाला कधी दिसणार नव्हता. फक्त मागच्या आसनावर बसल्यावर जाणवणार होता. न दिसणाऱ्या जागी घेतलेले असे श्रम मला या सबंध इतिहासात सर्वांत आवडले.

मंदीच्या तोंडावर सोळा सिलिंडर

१९३० च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात कॅडिलॅकने सोळा सिलिंडरांची मोटार मांडली. इंजिन ४५२ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ७.४ लिटरचे. त्याचे रूपही आखून घडविलेले होते : तारा झाकलेल्या, नळ्या ओळीत, एनॅमल आणि चकाकत्या धातूचा साज. बॉनेट उघडणाऱ्यालाही इंजिन देखणे दिसावे, अशी ही दृष्टी. पण १९२९ च्या ऑक्टोबरात शेअरबाजार कोसळलेला होता. १९४० पर्यंतच्या अकरा वर्षांत सोळा सिलिंडरांच्या गाड्या चार हजारांहून थोड्याच अधिक बनल्या.

याच काळातील दुसरे नाव ड्यूसेनबर्ग. हे जर्मनीत जन्मलेले बंधू मूळचे शर्यतीच्या गाड्या बनविणारे; १९२१ ची फ्रेंच ग्रां प्री त्यांच्या गाडीने जिंकली होती. १९२८ च्या अखेरीस आलेल्या त्यांच्या ‘जे’ मॉडेलच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह होते आणि कंपनी २६५ अश्वशक्तीचा दावा करी. सुपरचार्जर बसविलेल्या ‘एसजे’साठी ३२०. कंपनी फक्त सांगाडा व इंजिन विके, आणि गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिरांकडून वरची बॉडी बांधून घेई. कापड एका दुकानातून आणि शिलाई दुसरीकडे, असा हा व्यवहार. १९३३ च्या शिकागो प्रदर्शनासाठी रोलस्टन यांनी बांधलेली सेडान वीस हजार डॉलर किमतीमुळे ‘ट्वेंटी ग्रँड’ याच नावाने ओळखली गेली.

आपल्या परिचयाचे एक नाव येथे भेटते. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनीही एक ‘एसजे’ घेतली. ती सेडान नव्हे, उघडी गाडी होती. तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांनी बांधली. इंजिन अमेरिकेचे, बॉडी इंग्लंडची आणि मालक माळव्यातला मराठी राजा! १९३७ मध्ये ड्यूसेनबर्गचा कारखाना बंद पडला.

लेलंडची अखेर मात्र चटका लावणारी आहे. तो १९१७ मध्ये कॅडिलॅक सोडून बाहेर पडला, विमानाची लिबर्टी इंजिने बनविण्यासाठी त्याने नवी कंपनी काढली, आणि आपण तरुणपणी ज्याला पहिले मत दिले त्या अब्राहम लिंकनचे नाव तिला दिले. युद्धानंतर तीच कंपनी मोटारी बनवू लागली. गाडी निर्दोष होती, पण पैसा पुरला नाही. १९२२ मध्ये फोर्डने ती ऐंशी लाख डॉलरना विकत घेतली आणि काही महिन्यांतच म्हाताऱ्या लेलंडला बाहेर पडावे लागले.

मुलांची बग्गी

मला सापडलेली एक हकिकत आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना विशेष वाटेल. जनरल मोटर्ससाठी बॉडी बांधणाऱ्या फिशर कंपनीचे बोधचिन्ह नेपोलियनच्या काळातील बग्गी हे होते. १९३० मध्ये कंपनीने शाळकरी वयाच्या मुलांसाठी कारागीर-मंडळ काढले. त्या बग्गीची छोटी प्रतिकृती स्वतःच्या हाताने घडवायची. लाकूड, धातू, कापड, सारे काम स्पर्धकाचेच. बक्षीस म्हणून महाविद्यालयीन शिक्षणासाठी शिष्यवृत्ती. पुढे बग्गीऐवजी स्वतः कल्पिलेल्या मोटारीचे मॉडेल करायचे असे. स्पर्धा १९६८ पर्यंत चालली आणि तिच्यातून आलेली कित्येक मुले पुढे मोटारींचे आकार आखू लागली. म्हणजे ज्या धंद्याने कारखान्यातून हाताची जुळवाजुळव हद्दपार केली, त्यालाच पुढची माणसे निवडताना हाताची परीक्षा घ्यावीशी वाटली. मुलींना मात्र तेथे प्रवेश नव्हता. हे वाचून माझा थोडा हिरमोड झाला, तो लपवीत नाही.

देखावा आणि तपासणी

युद्धानंतरची दोन उदाहरणे शेजारी ठेवण्याजोगी आहेत. १९५७ ची कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोम ही चार दारांची गाडी १३,०७४ डॉलरची होती. स्टेनलेस स्टीलचे छत, हवेवर तोललेली चाके, आत अत्तर आणि लिपस्टिकसुद्धा! दोन वर्षांत ७०४ गाड्या बनल्या. हवेची यंत्रणा गळू लागल्यावर अनेक मालकांनी मुकाट्याने साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या.

१९६१ ची लिंकन कॉन्टिनेंटल दिसायला साधी, सरळ रेषांची. तिची श्रीमंती तपासणीत होती. प्रत्येक गाडी कारखान्यातून निघण्यापूर्वी १२ मैल रस्त्यावर चालवून पाहिली जाई, आणि कंपनीने तिला दोन वर्षे किंवा २४,००० मैलांची हमी दिली. अत्तराची कुपी मोठी की बारा मैलांची चाचणी? माझे मत चाचणीच्या बाजूचे आहे.

पुढे उतरती कळा लागली. १९७० मध्ये कॅडिलॅकचे ८.२ लिटरचे इंजिन ४०० अश्वशक्तीचे म्हणून आले. १९७६ मध्ये त्याच आकाराच्या इंजिनाचा आकडा १९० होता. यात अर्धी गोष्ट मोजण्याची आहे. १९७२ पर्यंत इंजिन मोकळे, पंखा-सायलेन्सरच्या भाराशिवाय मोजत. नंतर सर्व भारासह मोजू लागले. एकूण पगार आणि कापून हातात पडणारा पगार, एवढा हा भेद. प्राध्यापकवर्गाला तो समजावून सांगायला नको! परंतु धुरावरील निर्बंधांमुळे आणि शिसेविरहित पेट्रोलसाठी घटविलेल्या कॉम्प्रेशनमुळे प्रत्यक्ष शक्तीही घटली होती. १९७३ च्या तेलटंचाईने तर मोठ्या इंजिनाचा पायाच हलला. १९८१ मध्ये गरजेप्रमाणे आठांपैकी दोन वा चार सिलिंडर बंद ठेवणारे इंजिन कॅडिलॅकने आणले. कल्पना अचूक होती. आज अनेक कंपन्या ती वापरतात. पण त्या वेळचा संगणक मंद होता, गाड्या अडखळू लागल्या आणि बहुतेक मॉडेलांतून ते इंजिन पुढच्याच वर्षी गेले. लेलंडची शिस्त अशी होती, की आधी माप सिद्ध करावे, मग गाडी बाहेर काढावी. ती येथे विसरली गेली.

पुन्हा माणसाचे नाव

शतकाच्या वळणानंतर पान उलटले. २००४ च्या मॉडेलमध्ये सीटीएस-व्ही ही ४०० अश्वशक्तीची सेडान आली. २००८ मध्ये तिच्या पुढच्या, ५५६ अश्वशक्तीच्या आवृत्तीने जर्मनीतील न्यूरबर्गरिंगचा वीसहून अधिक किलोमीटरांचा वळणावळणाचा फेरा आठ मिनिटांच्या आत पुरा केला. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या सीटी५-व्ही ब्लॅकविंगमध्ये ६.२ लिटरचे सुपरचार्जर लावलेले इंजिन ६६८ अश्वशक्ती देते. केंटकीतील बोलिंग ग्रीन येथे हे इंजिन हातांनी जोडतात, आणि जोडणाऱ्या कारागिराच्या सहीची पट्टी त्यावर बसवतात.

मात्र त्याच सुमारास इतरांनी ही वाट सोडली. लिंकनने २०२० मध्ये अमेरिकेतील कॉन्टिनेंटल बंद केली. क्रायस्लरची ३०० ही सेडान २०२३ अखेर थांबली.

एकशे दहाहून अधिक वर्षांचा हा प्रवास पाहिला, की असे दिसते : लेलंडने जोडणाऱ्याचे वैशिष्ट्य पुसले, म्हणून गाडी भरवशाची झाली, आणि भरवसा सर्वांनाच साधल्यावर त्याच कंपनीला जोडणाऱ्याचे नाव पुन्हा कोरावेसे वाटले. पण या सहीचा अर्थ जुना नाही. भाग आजही मापानेच बसतात, कानशीने नव्हे. सही सांगते ती जबाबदारी : हे काम माझ्या हातून गेले आहे, चूक निघाली तर मला विचारा. मापाने कौशल्याची जागा घेता येते. जबाबदारीची येत नाही. माझ्या अभ्यासाचे फलित एवढेच.

हा लेख लिहून झाल्यावर मी मामांना वाचून दाखवला आणि सहीच्या पट्टीचे चित्रही दाखवले. त्यांनी ते चष्मा वर करून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, ‘‘जोडणाऱ्याचं नाव आलं, बरं झालं पोरी. पण ज्यानं ते माप घासून खरं केलं, त्याची सही कुठं हाय?’’

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मामांनी आजवर बसविलेल्या एकाही भागावर त्यांचीही सही नाही.