सव्विसाव्या वाढदिवसाची डेडलाइन

बुद्धिबळात मारलेलं प्यादं डब्यात जातं. जपानच्या शोगीत ते मारणाऱ्याच्या हातात जातं, आणि पुढे कधीतरी आपली एक चाल खर्चून तो ते पटावरच्या जवळजवळ कुठल्याही रिकाम्या घरात आपलं म्हणून उतरवू शकतो. म्हणून सोंगट्यांना काळा-पांढरा असे दोन रंग नाहीत. सगळ्या सारख्याच, लाकडी, पाचकोनी. टोक कुणाकडे रोखलंय त्यावरून ती कुणाची हे कळतं. नऊ बाय नऊचा पट, प्रत्येकी वीस सोंगट्या. बुद्धिबळात डाव सरकतो तशी गर्दी कमी होते, इथे होत नाही. त्यामुळे डाव बरोबरीत सुटणं फार क्वचित. कुणीतरी हरतोच.

मित्रांनो, खेळाबद्दल इतकं पुरे. आमच्या विंगमध्ये ड्रॉइंग शीटवर पट आखून ठेवलाय, ज्याला शिकायचं असेल त्याने मेसनंतर यावं. मला इथे सांगायचंय ते हा खेळ खेळून पोट भरणाऱ्यांबद्दल. कारण त्यांची जी परीक्षापद्धत आहे ना, ती वाचल्यावर मला आपली एटीकेटी म्हणजे देवमाणूस वाटायला लागली.

जपानमध्ये प्रोफेशनल शोगीपटू व्हायचं तर ‘शोरेइकाई’ नावाच्या संस्थेतून जावं लागतं. पोरं दहा-बारा-चौदा वर्षांची असताना एखाद्या प्रोफेशनलला गुरू करून परीक्षा देऊन आत शिरतात. बहुतेक सगळे सहाव्या ‘क्यू’पासून सुरुवात करतात, मग क्यू संपून ‘दान’ सुरू होतात. आत येणारा प्रत्येक जण आपापल्या गावचा चॅम्पियन असतो. (फर्स्ट इयरला आपल्या बॅचमध्ये बोर्डात आलेले किती निघाले होते, आठवा.) तिसऱ्या दानाला पोहोचलं की खरी लढाई. तीस-एक जणांची लीग, सहा महिने, प्रत्येकी अठरा डाव, आणि पहिले दोघेच चौथ्या दानावर जातात. चौथा दान म्हणजे प्रोफेशनल. वर्षाला दोन लीग, म्हणजे साधारण चार जण. अख्ख्या देशातून. आणि सव्विसावा वाढदिवस आला तरी चौथा दान नाही, तर बाहेर. लीगमध्ये हरण्यापेक्षा जिंकणं जास्त असेल तर थोडी मुदतवाढ मिळते, तीही फार तर एकोणतिसाव्या वर्षापर्यंत. यात रिचेकिंग नाही, ग्रेसचे मार्क नाहीत.

आत जाऊनही आराम नसतो. वर पाच वर्ग आहेत : ए, बी-१, बी-२, सी-१, सी-२. दरवर्षी वर्गातल्या वर्गात लढत, वरचे चढतात, खालचे उतरतात. ए वर्गात फक्त दहा जण, त्यातला पहिला ‘मेइजिन’ या किताबासाठी आव्हान देतो. पुस्तकात वाचताना हे सगळं शिस्तशीर वाटतं. पण ज्याचं वय पंचवीस वर्षं अकरा महिने आहे त्याच्या खुर्चीत बसून बघा.

शोजी सेगावा त्या खुर्चीत बसला होता. जन्म मार्च १९७०, गाव योकोहामा. १९८४ मध्ये, चौदाव्या वर्षी, तो शोरेइकाईत शिरला. १९९२ मध्ये तिसरा दान. त्यानंतर चार वर्षं तो त्या लीगमध्ये अडकला आणि १९९६ मध्ये वयाची अट लागून बाहेर पडला. योगायोग बघा, त्याच फेब्रुवारीत त्याच्याच सालात जन्मलेल्या योशिहारु हाबूने तेव्हाचे सातही किताब एका वेळी जिंकून दाखवले होते. हाबू पंधराव्या वर्षीच प्रोफेशनल झालेला. एकाच सालातली दोन पोरं, एक शिखरावर आणि एक दाराबाहेर. हाबूवर भरपूर लिहिलं गेलंय, मला मात्र दुसऱ्याचंच जास्त वाटतं.

चौदा ते सव्विस ही वर्षं ज्याने एका खेळात घातली, त्याच्या बायोडेटात काय लिहायचं? सेगावाने काही काळ शोगी सोडली. युनिव्हर्सिटीच्या रात्रीच्या वर्गाला नाव घालून कायद्याचं शिक्षण पुरं केलं आणि एका कंपनीत सिस्टिम इंजिनियर म्हणून लागला. म्हणजे आपण ज्यासाठी कॅम्पसला रांगा लावतो, ती त्याची दुसरी पसंती होती! शोगीकडे तो परतला ते हौशी खेळाडू म्हणून. १९९९ मध्ये हौशी मेइजिन झाला. ‘गिंगा’ नावाच्या टीव्हीवरच्या स्पर्धेत काही हौशींना प्रोफेशनल्सविरुद्ध खेळायला मिळतं. तिथे हा ऑफिस सांभाळणारा माणूस एकामागून एक प्रोफेशनल हरवत सुटला. ए वर्गातला तोशिआकी कुबोसुद्धा. प्रोफेशनल्सविरुद्ध दहापैकी सात डाव जिंकणारा माणूस प्रोफेशनल नाही, कारण काय, तर त्याचं वय!

फेब्रुवारी २००५ मध्ये त्याने शोगी संघाकडे रीतसर अर्ज केला, की मला आत यायचंय, परीक्षा घ्या. आता वाटेल की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असतील. तसं नाही. विरोध होता, आणि माझ्या मते विरोध करणारे काही दुष्ट नव्हते. त्यांचे कितीतरी मित्र याच अटीवर रडत घरी गेले होते. त्यांना काय सांगायचं? आणि जो आज त्या लीगमध्ये घाम गाळतोय, त्याने मागचं दार उघडलेलं का बघावं? हा प्रश्न मला आजही पूर्ण सुटलेला वाटत नाही. तरी माझं मत सेगावाच्या बाजूने आहे. परीक्षा जोर मोजायला असते, आणि जोर त्याने पटावर दाखवला होता. मे महिन्यात संघाच्या सभेत मतदान झालं : बाजूने १२९, विरोधात ५२. सहा डाव खेळायचे, तीन जिंकायचे. अशी परीक्षा देऊन याआधी आत आला होता तो मोतोजी हानामुरा, १९४४ मध्ये, म्हणजे तब्बल एकसष्ट वर्षांपूर्वी. तोही पैशाच्या पैजा लावून खेळणारा गडी.

जुलैत पहिला डाव. समोर अमाहिको सातो, सतरा वर्षांचा, तिसऱ्या दानाचा. सेगावा हरला. (हाच सातो २०१६ मध्ये हाबूला हरवून मेइजिन झाला, पण ते तेव्हा कुणाला माहीत?) हरल्यानंतर त्याला एक पोस्टकार्ड आलं, डोरेमॉनचं चित्र असलेलं. पाचवीत ज्यांनी त्याला शाबासकी दिली होती त्या बाईंचं. दुसरा डाव ताकाहिरो कान्कीविरुद्ध, जिंकला. तिसरा कुबोविरुद्ध. कुबो यावेळी तयारीनिशी आला होता, सेगावा हरला. चौथा हिरोए नाकाई या महिला खेळाडूविरुद्ध, जिंकला. दोन-दोन. पाचवा डाव ६ नोव्हेंबरला, समोर हिदेयुकी ताकानो. तोही जिंकला आणि सहाव्या डावाची गरज उरली नाही. पस्तिसाव्या वर्षी चौथा दान.

प्रवेश मात्र पाच वर्गांच्या बाहेरच्या ‘फ्री क्लास’मध्ये. तिथे नियम असा, की दहा वर्षांत सी-२ मध्ये चढलात तर ठीक, नाही तर निवृत्ती. पुन्हा डेडलाइन! ती त्याने २००९ मध्येच गाठली. २०१८ मध्ये तो सहावा दान झाला. त्याच वर्षी त्याच्या आत्मचरित्रावरून सिनेमा निघाला, आणि दिग्दर्शक तोशिआकी तोयोदा हासुद्धा लहानपणी शोरेइकाईत राहून बाहेर पडलेला.

संघाने २००६ मध्ये या परीक्षेचा कायमचा नियम केला. प्रोफेशनल्सविरुद्ध ठरावीक विजय मिळवले की पाच डाव, नव्याने प्रोफेशनल झालेल्यांशी, आणि त्यातले तीन जिंकायचे. केन्जी इमाइझुमी २०१४ मध्ये एक्केचाळिसाव्या वर्षी या दारातून आत आला. रेओ कोयामा २०२३ मध्ये आला, तो तर शोरेइकाईत कधीच नव्हता. तोमोका निशियामाने २०२४ मध्ये परीक्षा सुरू केली. जिंकली असती तर या दारातून आत येणारी ती पहिली महिला ठरली असती. चार डावांनंतर दोन-दोन, अगदी सेगावासारखं. पाचवा डाव जानेवारी २०२५ मध्ये झाला. ती हरली.