प्राण्यांची सोनोग्राफी शिकायचीय? आधी पशुवैद्य व्हा!

‘प्राण्यांच्या सोनोग्राफीसाठी बारावीनंतर कोणता कोर्स करावा?’ घरात कुत्रं-मांजर असलेली मुलं हे हमखास विचारतात. उत्तर एकच: आधी बीव्हीएससी, म्हणजे पशुवैद्यकाची पदवी. का, ते एका उदाहरणावरून पाहू.

दवाखान्यात धापा टाकणारं मांजर येतं. एक्स-रेसाठी त्याला आडवं पाडलं, तर जिवावर बेतू शकतं. म्हणून ते बसलेलं असतानाच छातीवरचे केस बाजूला सारून, स्पिरिट लावून सोनोग्राफीचा प्रोब टेकवतात. दोन्ही बाजूंना चार-चार ठिकाणी पाहण्याच्या पद्धतीला ‘व्हेट ब्ल्यू’ म्हणतात. काम काही मिनिटांत होतं. निरोगी फुप्फुसात आडव्या, समांतर ए-लाइन्स दिसतात. पाणी साठू लागलं, की वरून थेट खाली उतरणाऱ्या बी-लाइन्स वाढतात.

पण बी-लाइन्स हृदयविकारातही दिसतात आणि न्यूमोनियातही. एकात लघवी वाढवणारं इंजेक्शन, दुसऱ्यात अँटिबायोटिक. शिवाय हवेतून ध्वनिलहरी पुढे जात नसल्यामुळे फुप्फुसात खोलवर असलेली गाठ सोनोग्राफीत दिसत नाही. पडद्यावरच्या रेषांचा अर्थ लावून उपचार ठरवायला डॉक्टरच लागतो.

वाट कशी?

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. नीट द्यावी लागते. राज्यातले प्रवेश नागपूरचं महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ करतं; मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे महाविद्यालयं आहेत. एका वर्षाच्या इंटर्नशिपसह अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा. पुढे एमव्हीएससीला ‘शल्यचिकित्सा व क्षकिरणशास्त्र’ हा विषय घेतला, की इमेजिंगमध्ये हात बसतो. पशुसंवर्धनाची पदविका हा या पदवीला पर्याय नव्हे.

पालकांची शंका

‘एमबीबीएस हुकलं म्हणून हे’ असा विचार करून पाठवू नका. अशा मुलाला गोठ्यातली इंटर्नशिपही जड जाते, कारण पदवीत गाय, म्हैस, शेळी, कोंबडी सगळंच येतं. नोकरीची काळजी असेल, तर एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी होता येतं. शहरात पाळीव प्राण्यांचे दवाखाने आहेतच. मात्र स्वतःचा दवाखाना काढल्यावर सोनोग्राफी मशिनचा खर्च मोठा असतो, त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं अनुभवी पशुवैद्याच्या हाताखाली काढलेली बरी.

पसंतीक्रम भरण्याआधी मुलाला आठवडाभर जवळच्या पशुवैद्यकाकडे बसू द्या. रक्त, घाण, चावरं कुत्रं, रडणारे मालक हे सगळं पाहूनही त्याला या क्षेत्रात जावंसं वाटलं, तर खुशाल अर्ज भरा.