‘कशावरून?’ विचारू देणारं पुस्तक

आमचा मुलगा आठ वर्षांचा आहे. तो शाळेत जात नाही, पनवेलच्या घरीच शिकतो. मराठी आणि गणिताची पुस्तकं पटकन ठरली, विज्ञानाला मात्र मी वेळ दिला. घरी शिकणाऱ्या मुलाला वर्ग नसतो, दुसऱ्या बाई नसतात. आई सांगते तेच खरं, असं त्याच्या मनात सहज बसतं. म्हणून मला असं पुस्तक हवं होतं, जे वाचून त्याने आईलाही अडवावं. घरशाळा सुरू करणाऱ्या मैत्रिणी विचारतात तेव्हा मी जे सांगते, ते इथे लिहिते आहे.

1. देवाचं नाव नाही म्हणून पुस्तक धर्मनिरपेक्ष होत नाही. ‘हे कशावरून?’ असं मुलाने विचारलं, तर पुस्तकाकडे उत्तर आहे का, एवढंच मी बघते. अमेरिकेत घरशाळेसाठी लिहिलेली विज्ञानाची कित्येक पुस्तकं ख्रिस्ती प्रकाशकांची आहेत आणि त्यातली काही पृथ्वीचं वय हजारांच्या घरात सांगतात. आपल्याकडे 2014 साली गुजरातच्या सरकारी शाळांत ‘तेजोमय भारत’ नावाचं पूरक पुस्तक वाटलं गेलं. त्यात मूलपेशींचं शास्त्र आणि दूरचित्रवाणी आपल्याकडे पूर्वीच होती, याला दाखला म्हणून महाभारतातल्या गोष्टी दिल्या होत्या. महाभारत मी मुलाला रात्री आवडीने सांगते. पण विज्ञानाच्या तासाला ते पुरावा म्हणून येणार नाही. ‘पृथ्वी सूर्याभोवती फिरते, पाठ करा’ एवढ्यावर थांबणारं पुस्तकही मी दुकानातच ठेवलं.

2. अख्खं पुस्तक वाचायची गरज नसते. चंद्र, जेवण आणि प्राणी ही तीन पानं उघडा. चंद्राच्या कला छापून दिल्या आहेत, की महिनाभर बघून भरायला रिकामी वर्तुळं दिली आहेत? जेवणाच्या पानावर एका घरचं ताट शुद्ध आणि दुसऱ्या घरचं हलकं ठरवलंय का? इथल्या कोळीवाड्यातलं, सुकट-भाकरी खाऊन वाढलेलं पोर ते पान वाचून ओशाळणार असेल, तर ते पान विज्ञानाचं नव्हे. आणि प्राण्यांची विभागणी ‘उपयोगी’ नि ‘उपद्रवी’ एवढीच असेल, तर पुस्तक मिटून टाका.

3. आम्हाला हवं होतं ते हार्बर लाइनवरच सापडलं. मानखुर्दला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. केंद्राची सुरुवात 1974 ची. तिथे जयश्री रामदास यांनी प्राथमिक इयत्तांसाठी ‘हलके-फुलके विज्ञान’ ही मालिका तयार केली. त्यात मिनी आणि अपू ही दोन मुलं आहेत. पाठ्यपुस्तकासोबत कार्यपुस्तिका आहे आणि शिक्षकांसाठी वेगळं पुस्तक आहे. घरी शिकवणाऱ्या आईबाबांनी ते शिक्षकांचं पुस्तक आधी वाचावं. आमच्याकडे कार्यपुस्तिकेला सगळ्यात जास्त मान आहे, कारण मुलाने स्वतः बघितल्याशिवाय तिची पानं भरतच नाहीत. जोडीला अरविंद गुप्ता यांची टाकाऊतून केलेली खेळणी आहेत. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकंही फुकट मिळतात.

4. पंचांग फेकून द्यायचं नाही, तपासायचं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण धर्मनिरपेक्ष म्हटलं की घरातली माणसं दचकतात. कोकणात भरतीचा एक जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करायची, त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खाडीकाठच्या एका काकांनी मुलाला तो तोंडी शिकवला. आम्ही खाडीवर जाऊन दगडी पायरीवर पाण्याच्या रेषेशी खडूने खुणा केल्या आणि शेजारी वेळ लिहिली. हिशोब जवळपास जुळला, अगदी नाही. का? पाऊण म्हणजे 45 मिनिटं आणि भरती तर रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते. शिवाय मुंबईच्या भरतीच्या तक्त्यातली वेळ आत पनवेलपर्यंत पाणी चढेस्तोवर पुढे सरकते. पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा, मग पौर्णिमेची भरती बाराच्या सुमारास कशी, हे मुलाने स्वतः विचारलं. तिथून उधाण, भांग, चंद्राचं ओढणं, सगळं ओघाने आलं. काकांनाही ही उलटतपासणी आवडली. तिथी धार्मिक म्हणून वगळली असती, तर हा धडा हातातून गेला असता.

5. आजीशी भांडून विज्ञान शिकवू नये. 7 सप्टेंबर 2025 च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. आजीने जेवणावर तुळशीपत्रं ठेवली. मुलगा म्हणाला, “आजी, दोन वाट्यांत भात ठेवू या, एकीवर तुळस, एकीवर नाही.” सकाळी दोन्ही वाट्यांना सारखाच आंबूस वास होता. त्यावर आजीच म्हणाली, “अरे, मग ग्रहण नसलेल्या रात्रीही ठेवून बघायला हवं ना!” नियंत्रित प्रयोग याहून सोपा करून मला सांगता आला नसता. ग्रहणाच्या रात्री ढगांच्या फटींतून चंद्रावरच्या सावलीची गोल कड दिसली, तेवढ्यात मी आर्यभटाचं नाव घेतलं. ग्रहण म्हणजे सावलीचा खेळ, हे त्याने इसवी सन 499 च्या ‘आर्यभटीया’त मांडलं आहे, तेही आपल्याच परंपरेत. हे ऐकून आजी खुलली.

6. परदेशी पुस्तकं घ्या, पण आपलं आकाश बघून वापरा. बर्नार्ड नेबेल यांचं घरशाळांत चालणारं इंग्रजी पुस्तक विचारांची साखळी नीट बांधतं, मला ते आवडतं. पण बर्फ आणि पानगळीचे चार ऋतू इथे काय कामाचे? पनवेलला मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो. गच्चीवर उभा ठेवलेला स्टीलचा पेला दुपारी साडेबारा वाजून गेल्यावर काही क्षण सावलीच टाकत नाही. ‘बाराला का नाही?’ या एका प्रश्नाने आम्हाला मिर्झापूरजवळून जाणाऱ्या, प्रमाणवेळेच्या साडेब्याऐंशी रेखांशापर्यंत नेलं. जुलैअखेर तो दिवस पुन्हा येतो, पण तेव्हा इथे सूर्य दिसेल तर शपथ.

7. उत्क्रांती दहावीपर्यंत राखून ठेवू नये. 2023 साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून ती वगळली गेली, तेव्हा देशभरातल्या अठराशेहून अधिक वैज्ञानिक-शिक्षकांनी जाहीर पत्र लिहून विरोध केला. मला तर ती तिसरी-चौथीतच हवी. कर्नाळ्याचा सुळका बघताना आम्ही दख्खनच्या लाव्ह्याबद्दल बोलतो: सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, डायनासोर संपले त्या काळातला. खाली अभयारण्यात पक्ष्यांच्या चोची आणि पाय बघायचे, कोण काय खातो ते लिहायचं. ‘हे सगळे कुठून आले?’ हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात. तेव्हा पुस्तकात त्या प्रश्नाला जागा असली पाहिजे.

8. परीक्षेची धास्ती बाळगू नका. महाराष्ट्राच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची परीक्षा आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची मुक्त मूलभूत शिक्षणाची पातळीही आहे. त्यासाठी बालभारतीचं ‘परिसर अभ्यास’ घरात ठेवलंय. शुक्रवारी आम्ही त्यातला एक धडा वाचतो आणि ज्या वाक्यापुढे ‘कशावरून?’ विचारावंसं वाटतं, त्याच्यापुढे मुलगा पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढतो. त्यातली काही प्रश्नचिन्हं अजून तशीच आहेत.