वन्यप्राण्याच्या हल्ल्यात घरचे माणूस दगावल्यास वारसांनी भरपाईचा दावा कसा करावा?



भद्रावती तालुक्यात पऱ्हाटीची वेचणी, तुरीची राखण, रात्रीची जागल आणि उन्हाळ्यातील मोहफुले व तेंदूपत्ता ही सर्व कामे वाघाच्या वाटेवरच होतात. १० मे २०२५ रोजी आपल्याच जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडण्यास गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. अशा प्रसंगी घरातील कोणालाच कागदपत्रांचे भान राहत नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु दाव्याचा पाया पहिल्या दोन दिवसांतच पडत असल्याने, ही माहिती शेजाऱ्यांनी, पोलीस पाटलांनी व गावातील शिकलेल्या तरुणांनी आधीच वाचून ठेवावी.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. वनखात्याची चूक सिद्ध केल्याशिवाय पैसे मिळत नाहीत, असे बरेच जण समजतात. तसे नाही. ही मदत चुकीवर अवलंबून नाही. माणूस कोण होता, कोणत्या प्राण्याने मारले, कोठे मारले आणि वारस कोण, एवढ्या चार गोष्टी कागदावर याव्या लागतात. राज्य शासनाने मृत्यूसाठीची रक्कम २०२२ मध्ये २० लाख व ऑगस्ट २०२३ मध्ये २५ लाख रुपये केली. कायमचे अपंगत्व आल्यास ७ लाख ५० हजार आणि गंभीर जखमी झाल्यास ५ लाख रुपये, असे त्याच निर्णयात ठरले. यादीत केवळ वाघ-बिबट नाहीत. अस्वल, रानडुक्कर, लांडगा, तरस, गवा, हत्ती, मगर हेही आहेत. डुकराच्या हल्ल्यात गेलेल्या माणसाचे घरचे लोक कधी कधी अर्जच करीत नाहीत. ही चूक करू नये.

घटना कळताच त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, जवळच्या वनरक्षकास किंवा क्षेत्र सहायकास व पोलीस ठाण्यास खबर द्यावी. तोंडी खबर दिली तरी मागाहून एक साधा अर्ज लिहून त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. आपल्या भागात काही जंगल ताडोबाच्या बफरमध्ये, काही चंद्रपूर वनविभागात, तर काही वनविकास महामंडळाकडे आहे. हद्द कोणाची याचा खल आपण करीत बसू नये. जो कर्मचारी जवळ आहे त्याला कळवावे. पुढचे त्यांनी पाहावे.

आता सर्वांत नाजूक बाब. जंगलाच्या आत मृत्यू झाला तर मदत मिळणार नाही या भीतीने प्रेत उचलून शेताच्या धुऱ्यावर आणून ठेवण्याचा सल्ला कोणीतरी देतो. असे कदापि करू नये. पंचनाम्यात पायाचे ठसे, फरफटत नेल्याच्या खुणा, रक्ताचे डाग, विळा, टोपली, चपला यांची नोंद होते. प्रेत हलविले की या खुणा व शरीरावरील जखमा यांचा मेळ बसत नाही आणि खरा दावाही संशयात सापडतो. मृत व्यक्ती शिकारीसारख्या गुन्ह्यात गुंतलेली असल्यास मदत नाकारली जाते; मोहफुले वेचणे म्हणजे शिकार नव्हे. म्हणून जागा जी असेल तीच सांगावी. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो वाचून घ्यावा. गावकऱ्यांचा संताप समजण्यासारखा असतो, परंतु पंचनामा होईपर्यंत गर्दीला त्या जागेपासून दूर ठेवावे, नाहीतर ठसे पायाखाली जातात.

शवविच्छेदन टाळू नये. घरच्या बायाबापड्यांना ते नकोसे वाटते, पण वन्यप्राण्याच्या हल्ल्याने मृत्यू झाला हे डॉक्टरच्या अहवालावरूनच ठरते. पोलिसांकडून मर्ग क्रमांक लिहून घ्यावा. जखमी माणूस नागपूरला उपचार घेऊन महिन्याभराने दगावला, तर अडचण अधिक येते. अशा वेळी पहिल्या दिवसापासूनचे केसपेपर जपावेत आणि तेव्हाही शवविच्छेदन करून घ्यावे. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत, जेथे मृत्यू झाला तेथे करावी. नागपूरच्या दवाखान्यात झालेल्या मृत्यूची नोंद गावच्या ग्रामपंचायतीत होत नाही.

यानंतरचा घोळ नावांचा. आधार कार्डावर एक, सातबारावर दुसरे आणि बँकेच्या पुस्तकावर तिसरेच नाव, हे आपल्याकडे नेहमीचे आहे. विधवेचे नाव माहेरचे की सासरचे, यावरूनही अर्ज परत येतात. रक्कम वारसांची असते. दीर, सासरे किंवा गावपुढारी यांच्या खात्यात ती जमा करण्यास संमती देऊ नये. रकमेचा काही भाग धनादेशाने व उरलेला मुदत ठेवीत दिला जातो. तेव्हा ठेवीच्या पावतीवर कोणाची नावे आहेत व व्याज कोणत्या खात्यात येणार, हे त्या बाईने स्वतः बँकेत जाऊन पाहावे.

साप या यादीत नाही. सर्पदंश, वीज पडणे, विहिरीत बुडणे, फवारणीची विषबाधा यांसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तीत मृत्यूसाठी २ लाख रुपये असून अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत करावा. शासनाच्या दुसऱ्या विभागाच्या अपघात योजनेतून लाभ घेतल्यास ही रक्कम मिळत नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना मात्र वेगळी. वर्षाला २० रुपये खात्यातून कापले जात असतील, तर तिचे २ लाख रुपये बँकेतून मागावेत. पासबुकात ही नोंद आहे की नाही, हे बहुतेक घरांत कोणी पाहिलेलेच नसते.

एक गोष्ट स्पष्टच लिहितो. डुकरांसाठी कुंपणात वीज सोडल्याने शेजारचाच माणूस मरतो, तेव्हा वनखात्याची मदत लागू होत नाही. तेथे कुंपण लावणाऱ्यावर फौजदारी गुन्हा तर होतोच, शिवाय १८५५ च्या घातक अपघात कायद्याखाली मृताची पत्नी किंवा पती, आईवडील व मुले यांना दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागता येते. मुदत मृत्यूपासून दोन वर्षांची आहे. गावकीत मिटवू म्हणून बसलेल्या लोकांची ही मुदत बोलण्यातच निघून जाते.

अर्ज फेटाळला गेला तर कारण लेखी मागावे आणि तालुका विधी सेवा समितीकडे जावे. महिलांना तेथे मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. सोबत पोच असलेला पहिला अर्ज, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल व मृत्यूचा दाखला यांच्या प्रती न्याव्यात आणि मूळ कागद घरीच पेटीत ठेवावेत.