जाळीचे लाड

मावळात डोंगराच्या पायथ्याशी दहा गुंठे घेतले, तेव्हाच ठरवलं, की कुंपणाला करवंदीच लावायच्या. समोरच्या डोंगरावर त्यांच्या जाळ्याच जाळ्या. इथलंच झुडूप, त्याला काय होतंय! या 'काय होतंय'पायी माझी पाच वर्षं गेली.

२०२०च्या मे महिन्यात करवंदं खाऊन बिया वाळवल्या, डबीत जपून ठेवल्या आणि पुढच्या जूनमध्ये पेरल्या. एकही उगवली नाही. करवंदाचं बी ताजंच पेरायचं असतं. साठवलं की त्याची उगवणशक्ती झपाट्याने जाते.

मग रोपं विकत आणली. सखल भागातल्या काळ्या मातीत खड्डे घेतले, भरपूर शेणखत घातलं. त्या जुलैत पाऊस असा कोसळला, की खड्ड्यांची डबकी झाली आणि मुळं कुजली. उरलेली पाच रोपं मी वरच्या मुरमाड बांधावर कशीबशी खोचली होती. जगली ती तेवढीच. शेजारच्या मावशी हसल्या. "जाळीला लाड सोसत न्हाईत, दादा."

तरी हात शिवशिवले. २०२३च्या डिसेंबरात कुंपण नीट दिसावं म्हणून शेंडे छाटले. करवंदीचा फुलोरा शेंड्यांवर येतो. त्या मोसमात फळ नाही.

२०२५मध्ये जाळ्या लगडल्या. आणखी आठवडाभर पिकू द्यावीत म्हटलं, तर मे महिन्यातच पावसाने गाठलं. त्या वर्षी मान्सून मुंबईत २६ मेला पोचला; एरवीची तारीख ११ जून. पिकलेली करवंदं फुटली, बुरशी धरून गळाली. झुडूप तेच, डोंगर तोच, पण पंचांग बदललं होतं.

म्हणून करवंदी लावणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो. बी जवळच्या डोंगरावरच्या गोड जाळीचं घ्या आणि फळ खाल्ल्यावर लगेच पेरा. मोठं फळ हवं असेल, तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' जात आहे. जागा उताराची, उन्हाची, मुरमाची निवडा. पाणी तुंबत असेल तर आधी वरंबा करा. पहिले दोन उन्हाळे थोडं पाणी द्या, पुढे हात आखडता घ्या. छाटणी फळं उतरल्यावर लगेच करा, थंडीत कात्री लावू नका. पायवाटेपासून मात्र लांब लावा. काटा दुतोंडी असतो आणि मुलांना आधी तोच भेटतो.

आणि सगळी करवंदं झाडावर पिकण्याची वाट पाहू नका. मी आता एप्रिलअखेर निम्मी हिरवीच उतरवतो आणि लोणचं घालतो. उरलेली काळी होईपर्यंत ठेवतो. पाऊस लवकर आलाच, तर बरणी तरी भरलेली असते.